अजून एक राउंड

बिरवाडीत त्या दिवशी संध्याकाळीच लाईट गेली. जेवणं उरकली तरी आली नाही, तेव्हा भागोजीकाका वरच्या खोलीतल्या भाडेकरू पोरांना मेणबत्ती द्यायला जिना चढले. वर मुजम्मिल आणि यशराज राहतात. दोघंही कारखान्यात कंत्राटी, आणि दोघांनाही सॅक्सोफोनचं वेड. काका दाराशी पोचले तेव्हा अंधारात मोबाईल मध्ये ठेवून दोघांचं भांडण रंगात आलं होतं.

"अरे, हा श्वास कुठे घेतो तेच कळत नाय. माणूस नाय, भाता हाय भाता!"

"भाता तर लोहाराकडे पण असतो. माझावाला ऐक. एकच सूर धरतो, पण काय धरतो!"

"एकच सूर कुकरची शिट्टी पण धरते."

वाजवणारा शेवटाकडे आला तसा मुजम्मिल मांडीवर थाप मारून ओरडला, "अजून!"

काका उंबऱ्यावरच थांबले. "वाजवा. हवं तेवढं वाजवा. पण ह्या खोलीत 'अजून' बोलू नका रे पोरांनो."

"का काका? भिंत पडते?"

काका हसले नाहीत. मेणबत्ती पेटवून त्यांनी खिडकीत चिकटवली आणि दाराला टेकून बसले. "तुमच्या आधी इथे दोघे भाऊ राहत होते. धाकट्याचं नाव भरत. त्याने मला सांगितलं ते तुम्हाला सांगतो. मधे बोलायचं नाय."

यशराजने मोबाईल बंद केला.

भरत म्हणजे सातवीतच शाळेला रामराम ठोकलेला पोरगा. अंगाने काटक, डोक्याने गरम. मनात आलं की पाय निघालेच. कारखान्यात तो ड्रम धुवायच्या कामावर होता. थोरला रितेश महाडच्या एका बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचा. बँडवाले त्या वाद्याला सॅक्सो म्हणतात. आईबाप लवकर गेलेले, त्यामुळे भरतला बाप म्हणजे रितेश आणि आई म्हणजेही रितेशच. थोरला रागावला की धाकटा दोन दिवस तोंड फुगवून बसायचा, पण लग्नात बँडच्या पुढे पहिला उभा तोच.

रितेशचा कान असा, की कारखान्याची वाफ सुटली की खोलीत पडल्या पडल्या म्हणायचा, "भरत्या, तुमची वाफ काळी दोनला सुटते बघ. आज जरा खाली हाय. सांग तुझ्या साहेबाला, सूर लावून घ्या म्हणावं."

तिसरा त्यांचा दोस्त, महाडचा अझीम. तो मस्कतला हॉटेलात वेटर होता, परत येऊन टेम्पो चालवायला लागला. त्या हॉटेलात रोज रात्री जॅझ वाजायचं. सॅक्सोवर फिलिपिन्सचा एक माणूस, ड्रमवर केनियाचा, पियानोवर एक म्हातारी गोरी बाई. अझीमने किचनच्या दारात उभं राहून रात्रीच्या रात्री मोबाईलमध्ये भरून आणल्या होत्या. रविवारी सावित्रीच्या काठाला टेम्पो लावून तिघं मागच्या हौद्यात बसायचे आणि त्याच त्या रात्री पुन्हा पुन्हा ऐकायचे.

"आता ऐक, आता ऐक," अझीम म्हणायचा. "इथे माझ्या हातातून प्लेटा पडतात. खळ्ळकन! मॅनेजर शिव्या देत धावला. आणि ह्याने काय केलं? तोच आवाज सॅक्सोत पकडला. ऐकलंस? माझ्या प्लेटा वाजवल्या रे त्याने!"

"बाकी तुला ओरडा पडला तो नाय वाजवला," रितेश म्हणायचा.

"तो पण वाजवलाय. पुढे आहे, थांब."

जॅझची रीत अझीमनेच त्यांना समजावली. आधी सगळ्यांनी मिळून मुखडा वाजवायचा. मग एकेकाची राउंड. राउंडवाल्याने डोंगर चढावा, दरीत उतरावं, कुठेही जावं. बाकीच्यांनी ठेका सोडायचा नाही, कारण त्याच वाटेने त्याला परत यायचं असतं. "आणि मुखड्यावर यायचंच," अझीम बोट हलवून सांगायचा. "जो आला नाय, तो वाजवत नाय रे. तो हरवला."

त्या फिलिपिन्सवाल्याची अजून एक खोड होती. भर रंगात तो एकदम थांबायचा. खाली ठेका चालू, हा गप्प. पहिल्यांदा भरतला वाटलं, मोबाईल बंद पडला. नंतर नंतर तिघांना तीच जागा सगळ्यांत आवडायला लागली. ती जागा आली की तिघं श्वास धरून बसायचे. पुन्हा सूर फुटला की तिघांच्या तोंडून एकदम निघायचं, "हाय रे!"

रितेशने हे सगळं बँडमध्ये आणलं. वरातीचं गाणं वाजवता वाजवता मधेच आपली राउंड सुरू करायचा. नाचणारे नाच विसरून बघत राहायचे. बँडचे मास्तर हैबती, जुने क्लॅरिनेटवाले, ते वैतागायचे. "अरे रितेश, नवरा घोड्यावर ताटकळलाय. त्याला तरी मुखड्यावर आणतोस का?" पण ऐकतो कोण? पुढ्यात भरत उभा. राउंड संपत आली की हा हात वर करून ओरडणार, "अजून!" आणि धाकट्याने 'अजून' म्हटलं की थोरला नाही म्हणायचा नाही. कधीच म्हणाला नाही.

गेल्या वर्षी एप्रिलात पोलादपूरच्या वर एका वाडीत लग्न लागलं. आंबेनळी घाटाच्या अलीकडे डाव्या हाताला फाटा फुटतो, तिथून वर. रंगूबाई म्हणून एक म्हातारी, तिच्या नातीचं लग्न. बँडचं सामान अझीमच्या टेम्पोतून गेलं होतं, त्यामुळे भरतही होताच. त्या दिवशी रितेशला काय झालं होतं कोण जाणे. मांडवातल्या बायका पंगत वाढायची सोडून बाहेर आल्या, असं वाजवत होता. पहिली राउंड झाली. भरत ओरडला, "अजून!" दुसरी झाली. रितेश घामाने निथळत होता. मुखड्याकडे वळलासुद्धा होता. भरत पुन्हा ओरडला, "अजून!"

रितेश डोळ्यांनी हसला आणि तिसरी सुरू केली. वर गेला, आणखी वर गेला... आणि थांबला.

एकदम गप्प.

खाली ढोलाचा ठेका चालू. अख्खा मांडव गप्प. भरत आणि अझीम श्वास धरून उभे. दोघांच्या तोंडावर हसू. हीच ती जागा! एवढी लांब तर त्या फिलिपिन्सवाल्यानेही कधी धरली नव्हती. रितेश सॅक्सो तोंडात घेऊन उभा, डोळे मिटलेले. भरतने अझीमला कोपर मारलं. बघ, बघ...

मग सॅक्सोसकट रितेश खाली आला.

छाती. पोलादपूरच्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं. त्या गप्प जागेत तो उभ्या उभ्या गेला होता. आणि त्याचा भाऊ समोर उभा राहून हसत होता.

मुजम्मिलने तोंड उघडलं. काकांनी नुसता हात वर केला.

त्यानंतर भरतने गाणं ऐकणंच सोडलं. मोबाईलची रिंगसुद्धा बंद करून ठेवली. कारखान्यात वाफ सुटली की कान दाबून शेडबाहेर पळायचा. अझीम घरी यायचा, तर आतून कडी. एकदा जिन्यावर काकांना म्हणाला, "काका, मी दुसऱ्यांदा नसतो ओरडलो तर तो मुखड्यावर येत होता हो." पोरगा जागचा हलला नव्हता. जेवायचा, कामाला जायचा, पण होता त्या मांडवातच.

डिसेंबरात रंगूबाईचा फोन आला. रितेशला निजवला तेव्हा त्याच्या अंगातला बँडचा कोट काढून ठेवला होता. तिने तो धुऊन घडी करून ठेवलेला. "घेऊन जा रे बाबा. आमच्याने बघवत नाय, आणि टाकवत पण नाय."

सात डिसेंबर, रविवार. भरतला सुट्टी होती. काकांची मोटारसायकल घेऊन तो चारच्या सुमाराला निघाला. वाडीत पोचला तर रंगूबाईने चूल पेटवलेलीच. भाकरी, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी. जेवल्याशिवाय उंबरा ओलांडू देईना. जेवता जेवता काळोख पडला. निघताना तिने कोटाची पिशवी हातात दिली.

"पिशवीतच ने. अंगात घालू नको."

"आणि थंडी वाजली तर गो आजी?"

"तर थंडी खा. पण घालू नको. थांब, गोधडी देते."

"गोधडी पांघरून गाडी चालवू? लोक म्हणतील, नवरी पळवून चाललाय."

म्हातारी हसली. पण पिशवीच्या तोंडाला तिने सुतळीची गाठ मारली.

साडेआठ झाले होते. चंद्र डोंगराच्या कडेवर नुकता आला होता. उतारावर रान सुरू झालं आणि गार वाऱ्याने भरतचे दात वाजायला लागले. त्याने गाडी थांबवली. गाठ दातांनी सोडली. लाल कोट, खांद्यावर पिवळे गोंडे. रितेश छातीने बारीक, त्यामुळे कोट भरतला आवळून बसला. गळ्याचा हुकही त्याने लावला. साबणाच्या वासाखाली दादाचा वास येतो का, म्हणून कॉलर नाकाशी धरली. काही आला नाही.

दोन वळणं उतरला आणि गाडीची चेन पडली. समोरच एसटीची निवारा शेड होती. सिमेंटच्या तीन भिंती, आत एक बाकडं. पुढे रस्ता, रस्त्यापलीकडे दरी. त्याने गाडी आत ढकलली, मोबाईलची बॅटरी लावून बाकड्यावर ठेवली आणि चेन बसवली. हात काळे झाले. पुसायला फडकं शोधत होता, तेव्हा आवाज आला.

एकच सूर. लांब, दरीतून.

काळी दोन.

कारखान्याची वाफ, असं त्याला वाटलं. पण कारखाना कुठे आणि हा डोंगर कुठे... वाफ असती तर सुटून संपली असती. हा सूर वळला. वळून लग्नातल्या गाण्याच्या मुखड्यावर आला.

वाडीत कुणीतरी मोबाईल लावला असेल. त्याने स्वतःला समजावलं. रितेशची सॅक्सो आज बँडबरोबर माणगावला गेलीय, नवा पोरगा वाजवतोय, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याने गाडीच्या हँडलला हात घातला.

मुखडा संपला. राउंड सुरू झाली.

आणि त्या राउंडमध्ये, मधोमध, खळ्ळकन प्लेटा पडल्या. सॅक्सोत.

त्या प्लेटा जगात तिघांनाच माहीत होत्या.

हँडलवरचा हात सुटला. भरत बाकड्यावर बसला. आठ महिने त्याने कान दाबून ठेवले होते, आता ते उघडले. काय वाजत होतं ते! एका सुराला दुसरा असा काही येऊन मिळायचा! दादाने जिवंतपणी एवढं सुंदर वाजवलं नव्हतं. भरत रडत होता आणि हसत होता. भीती त्याच्या ध्यानातच आली नाही. राउंड उतरायला लागली, संपत आली, आणि त्याचा हात आपोआप वर गेला.

"अजून!"

तिन्ही भिंतींनी ते परत म्हटलं.

आवाज क्षणभर थांबला. मग दुसरी राउंड सुरू झाली. आता दरीतून नाही. रस्त्यावरून.

रस्ता रिकामा होता. चांदण्यात स्वच्छ दिसत होता. आवाज येत होता आणि माणूस नव्हता. आता मात्र भरत उठला. गाडी राहू दे, पळू, असं मनात आलं. पाऊल टाकलं... आणि छातीत श्वास नव्हता. सूर लांबत होता आणि त्याची छाती रिकामी होत होती. सूर थांबला तेव्हा श्वास आत आला. सूर पुन्हा लागला, श्वास निघून गेला.

त्याच्या श्वासावर वाजत होतं.

कोट. त्याने गळ्याच्या हुकाला बोटं लावली. ग्रीस. बोटं घसरली. पुन्हा घसरली. कोट छातीला आणखी आवळला. तो शेडच्या तोंडापर्यंत गेला, तिथे गुडघे वाकले. परत आत बाकड्याशी आला तर थोडा श्वास मिळाला. पुन्हा तोंडापाशी गेला. पुन्हा गुडघे...

दुसरी राउंड संपत आली. नाही बोलायचं, त्याने ठरवलं. नाही बोलायचं.

"अजून..."

त्याचंच तोंड. त्याचाच आवाज.

तिसरी. आता आवाज शेडच्या आत होता. भिंतीतून नाही, छतातून नाही. अगदी जवळ. वर गेला. आणखी वर...

गप्प.

तीच जागा. श्वास नाही. आत नाही, बाहेर नाही. ठेका तेवढा चालू होता. धप्, धप्. भरतने कान दिला. ठेका त्याच्याच छातीत होता. एक ठोका चुकला... दुसरा उशिरा आला...

मग दरीतून पुन्हा तो सूर. काळी दोन. पुन्हा मुखडा. पुन्हा पहिली राउंड.

असं किती वेळा झालं, त्याला सांगता आलं नाही. दर वेळी प्लेटा पडल्या. दर वेळी दुसरी राउंड मुखड्याकडे वळली. दर वेळी तो ओरडला. दर वेळी तीच गप्प जागा, आणि छातीतला ठेका आधीपेक्षा मंद. मोबाईलची बॅटरी विझली. अंधारात त्याला उमगलं. दादा त्याला धरून ठेवत नव्हता. दादाच अडकला होता. आठ महिने तो ह्याच फेऱ्यात फिरत होता, तिसरीपर्यंत चढायचा, तिथे जायचा, पुन्हा पहिल्यापासून. त्याला मुखड्यावर येऊ देत नव्हता तो एकच शब्द. आणि तो शब्द भरतचा होता.

मुखड्यावर आला की संपणार. पुन्हा कधी ऐकू येणार नाही. हेही त्याला कळलं.

पहिली राउंड. प्लेटा. त्याने शब्द गिळायला बघितला, पण पहिला निसटलाच. राउंड दुसरीत शिरली तशी त्याने दोन्ही काळे तळहात तोंडावर दाबले. सूर वळणं घेत उतरत आला. इतका गोड उतरला, की तळहाताखाली ओठ हलायला लागले. त्याने आणखी दाबलं. डोकं गुडघ्यात घातलं.

राउंड संपली.

सॅक्सो थांबली. वाट बघत थांबली. धाकट्याची.

भरत बोलला नाही.

...

सूर हळूच पुन्हा लागला. एकदा खालून विचारल्यासारखा. अजून?

भरतने मान हलवली. नाही. नाही, दादा.

...

मग मुखडा आला. साधा, सरळ, वरातीत वाजतो तसा. पहिली ओळ. दुसरी ओळ. शेवटचा सूर भरतच्या अगदी कानाशी लागला, आणि बारीक होत होत संपला.

गळ्याचा हुक आपोआप सुटला. छातीत गार हवा भरली. रानात रातकिडे ओरडत होते. ते मघापासून गप्प होते, हे त्याला तेव्हा समजलं.

सकाळच्या पहिल्या एसटीच्या कंडक्टरला तो बाकड्यावर बसलेला दिसला. तोंडभर ग्रीस, मांडीवर लाल कोट. कंडक्टरला वाटलं, वरातीतला कुणीतरी पिऊन मागे राहिला. भरत बिरवाडीला आला आणि खालच्या पायरीवर बसला. काकांनी चहा दिला. पहिल्याच घोटाला तो कळवळला आणि कप खाली ठेवला. ओठ आतून झोंबत होता. मग त्याने सगळं सांगितलं, आणि म्हणाला, "काका, अझीमला फोन लावा."

अझीम आला तो हैबतीमास्तरांना टेम्पोत घालूनच. मास्तरांनी भरतचा खालचा ओठ बोटाने उलटा करून बघितला.

"रात्रभर कुणाची सॅक्सो फुंकलीस?"

"मी कधी तोंडाला लावली नाय, मास्तर."

"मला नको शिकवू. सॅक्सो फुंकताना खालचा ओठ दातांवर दुमडून घेतात. सवय नसताना फुंकत राहिलं की आतून असाच कापतो. दात उमटलेत बघ."

बोलता बोलता ते थांबले. भरतला उजेडाकडे वळवून त्यांनी पुन्हा बघितलं. "दात दाखव तुझे," म्हणाले. भरतने दाखवले. मास्तर मागे सरले आणि अझीमला म्हणाले, "तू बघ."

अझीम वाकला. बघितलं आणि भिंतीला हात टेकून उभा राहिला. काकांनीही बघितलं.

रितेशचा खालचा पुढचा दात लहानपणीच गेला होता, भरतने मारलेल्या चेंडूने. भरतचे दात सगळे जागच्या जागी होते. ओठाच्या आत उमटलेली रांग मात्र मधेच तुटली होती. एका दाताची जागा कोरी.